पुडा उघडून बघायचा नसतो

बेलपाड्यात आम्ही पहिल्यांदाच बोलतोय. येताना मेट्रोनं आलो. 17 नोव्हेंबर 2023 ला ही बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली, आणि स्टेशनच्या पाटीवर 'बेलपाडा' असं ठळक लिहिलेलं बघून बरं वाटलं. नाहीतर या भागातली गावं सेक्टरच्या आकड्यांखाली कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. असो, तो आजचा विषय नाही.

आजचा विषय संयोजकांना सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, हा साहित्याचा विषय आहे की पोलिसांचा? अमली पदार्थांच्या तस्करीत ओढल्या गेलेल्या बायका, आणि त्याही घट्ट बांधलेल्या समाजातल्या, स्थलांतरितांच्या वस्तीतल्या. आम्ही म्हटलं, पोलिसांचा आहेच, पण पोलीस ठाण्यात पोचण्याआधी ही बाई कुठल्या ना कुठल्या गोष्टीत पोचलेली असते. बातमीच्या, सिनेमाच्या, कादंबरीच्या. आपण तिला ओळखतो ते त्या गोष्टीतून. आणि आमचं म्हणणं असं आहे की या गोष्टी बहुतेक वेळा चुकीचा प्रश्न विचारतात. तो कसा, ते बघू.

तुमच्या शेजारूनच सुरुवात करू. इथून पनवेल-उरणच्या रस्त्याला लागलं की न्हावा-शेवा. सप्टेंबर 2022 मध्ये दिल्ली पोलिसांच्या विशेष पथकानं त्या बंदरात एक कंटेनर पकडला. आत ज्येष्ठमध. खोकल्याला आपण चघळतो ते. वीस टनांहून जास्त, आणि कांड्यांवर हेरॉइनचा थर दिलेला. या बातमीत कुठं बाई दिसते का बघा. नाही दिसणार. कंटेनरला कागद लागतात, कंपनी लागते, आयात परवाना लागतो. टनांचा व्यवहार हा पुरुषांचा, कागदांचा व्यवहार आहे. बाई येते ती माल किलोवर, पावकिलोवर आला की. पिशवीत, बॅगेत, पोटात. आणि पकडली जाते तीच, कारण तिच्याकडे कागद नसतात, फक्त माल असतो.

आता ती पिशवी तिच्या हातात येते कशी?

आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की काय होतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. दुबईला म्हणा, न्यू जर्सीला म्हणा. तिकीट काढल्याची बातमी फुटली की फोन सुरू. "अगं, तेवढी भाजणी नेशील का? आमच्या मिनूला तिथली मिळते ती आवडत नाही." मेतकूट, गोडा मसाला, राजगिऱ्याचं पीठ, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. दोरा बांधून, वर चिकटपट्टी मारून, पेनानं नाव घालून पुडे येतात. आम्ही स्वतः एकदा अशी चार पिठं नेलीत, त्यातलं एक अगदी पांढरं होतं, आणि ते ज्यांना द्यायचं होतं त्यांना आम्ही जन्मात पाहिलेलं नव्हतं. मैत्रिणीच्या जावेची बहीण. बॅग भरली कुणी? घरातल्या बाईनं. बॅग नेहमी बाईच भरते. आणि पुडा उघडून बघितला का? छे. दुसऱ्याचा पुडा उघडून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर 'माझा तुझ्यावर विश्वास नाही' म्हणणं. आपल्याकडे हे कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं.

मुंबईतलं एक जोडपं जुलै 2019 मध्ये कतारला गेलं. नावं वर्तमानपत्रांत येऊन गेली, आम्ही घेत नाही. त्यांना जगू द्या. लग्नाला वर्ष झालेलं. नवऱ्याच्या आत्यानं ही सहल भेट म्हणून दिली होती, मधुचंद्राची. बायकोला दिवस गेलेले होते, तिला जायचं नव्हतं. पण वडीलधारी आत्या, पैसे तिनं भरलेले, नाही कसं म्हणायचं? निघताना आत्यानं एक पाकीट दिलं. तिकडे ओळखीच्यांना द्यायचं, जर्दा आहे म्हणाली. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलोच्या वर चरस निघाला. दोघांना दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी 2020 मध्ये मुलगी झाली, तुरुंगातच. इकडे घरच्यांनी तक्रारी केल्या, आपल्या अमली पदार्थ नियंत्रण विभागानं तपास केला, आत्याला आणि तिच्या साथीदारांना अटक झाली, फसवणूक झाल्याचं पुढं आलं. जानेवारी 2021 मध्ये कतारच्या वरच्या न्यायालयानं खटला पुन्हा चालवायला सांगितलं, मार्चअखेरीस दोघं निर्दोष सुटली, एप्रिलमध्ये वर्ष-सव्वा वर्षाच्या लेकीला घेऊन मुंबईला परतली.

ही गोष्ट आम्ही सविस्तर सांगितली कारण तिच्यात गुंड नाही, पिस्तूल नाही, मोह नाही. पैशाचंही आमिष नाही. आहे ती आत्या. सगळं यंत्र एका नात्याच्या शब्दावर चाललेलं आहे.

आणि आता कायदा काय विचारतो ते बघा. आपला अमली पदार्थांचा कायदा 1985 चा. त्याच्या कलम 54 प्रमाणे माल तुमच्या ताब्यात सापडला आणि समाधानकारक खुलासा तुम्ही देऊ शकला नाहीत, तर गुन्हा तुम्हीच केला असं धरलं जातं. कलम 35 म्हणतं, तुमच्या मनात तो हेतू होता, तुम्हाला ते माहीत होतं, असं न्यायालय गृहीत धरेल. माहीत नव्हतं हे तुम्ही सिद्ध करा, आणि तेही शंकेला जागा न ठेवता. कलम 37 मुळे जामीन जवळजवळ दुरापास्त. चरस एक किलो, हेरॉइन अडीचशे ग्रॅम, त्याहून जास्त झालं की ते 'व्यापारी प्रमाण', आणि शिक्षा दहा ते वीस वर्षं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नूर आगा या अफगाण माणसाच्या खटल्यात, त्याच्याकडे अमृतसर विमानतळावर द्राक्षांची पेटी होती, असं म्हटलं की ही कलमं घटनेत बसतात, पण मूळ वस्तुस्थिती आधी सरकार पक्षानं सिद्ध केली पाहिजे. तो सुटला. तरी कायद्याचा प्रश्न तोच राहिला: तुला माहीत होतं का?

होतं किंवा नव्हतं. दोनच खाने. पण आत्यानं दिलेल्या पाकिटाच्या बाबतीत तिसराच खाना असतो. विचारायचं नव्हतं. विचारणं शक्य नव्हतं. माहीत करून घेणं हाच अपराध ठरेल अशा घरात ती वाढली. हा खाना कायद्यात नाही, ते समजण्यासारखं आहे. कायद्याला कुठंतरी रेघ मारावीच लागते. आमची तक्रार अशी की तो आपल्या गोष्टींतही नाही. साहित्याला तर रेघ मारायची सक्ती नव्हती ना?

आपल्या गोष्टींना दोनच बायका आवडतात. एक राणी, दुसरी भोळी.

राणी आधी घेऊ, कारण ती विकली जाते. 2011 मध्ये एस. हुसैन झैदी यांचं, जेन बोर्जेस यांच्या सहकार्यानं, 'माफिया क्वीन्स ऑफ मुंबई' आलं. जेनाबाई दारूवाली, गंगूबाई, आणि पुढं अमली पदार्थांच्या धंद्यातल्या बायकाही त्यात आहेत. पुस्तक मेहनतीचं आहे, जुन्या पोलिसांशी, जुन्या पत्रकारांशी बोलून केलेलं. पण शीर्षकातच सगळं ठरलं. क्वीन म्हटलं की तिला सिंहासन द्यावं लागतं. मग प्रत्येक बाईची कथा एकाच चढणीनं जाते: गरिबी, फसवणूक, सूड, सत्ता. त्याच पुस्तकावरून भन्साळींनी 2022 मध्ये सिनेमा केला तेव्हा सगळी गल्लीच पांढरी झगझगीत झाली. 2023 च्या 'सास, बहू और फ्लेमिंगो'त तर सासू हस्तकलेच्या धंद्याआड अमली पदार्थांचा कारखाना चालवते आणि सुना हाताखाली. डिंपल कपाडिया बघायला झकास. पण त्यात घर हे ताकदीचं ठिकाण आहे. घराच्या विश्वासाचा गळफास होतो तो त्यात कुठं आहे? घट्ट कुटुंबाची मालिका काढलीत आणि घट्टपणाची किंमत सांगायची राहिली, असं आमचं मत.

राणी बनवायला पत्रकारांनाही फार वेळ लागत नाही. 2015 चं प्रकरण काहींना आठवत असेल. साताऱ्याकडच्या एका गावात मुंबई पोलिसांतल्या एका हवालदाराच्या घरी पांढऱ्या पावडरीचा साठा सापडला, मग त्याच्या पोलीस ठाण्यातल्या लॉकरमध्येही. म्हटलं गेलं, हे एमडी. म्हणजे मेफेड्रोन. वरळीच्या झोपडपट्टीतल्या एका बाईचं नाव आलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती 'ड्रग क्वीन' झाली. तिची घरं किती, तिचे दागिने किती, तिची माणसं कोण, रकानेच्या रकाने. पुढं प्रयोगशाळेचा अहवाल आला. पावडर अजिनोमोटो निघाली! कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर चिमटीनं टाकतात ते. आणि गंमत म्हणजे अजिनोमोटो चिनीही नाही, जपानी आहे. पण आपल्याला पांढरी संशयास्पद पावडर आणि 'चायनीज' हे दोन्ही एकत्र ठेवायची सवय. ती बाई आयुष्यात काय करत होती यावर आम्ही निवाडा देत नाही, तो आमचा अधिकार नाही. आम्ही एवढंच म्हणतो की अहवाल येण्याआधी राणीचा राज्याभिषेक होऊन गेला होता, आणि अहवालानंतर तो कुणी मागं घेतला नाही.

चायनीजचा विषय निघालाच आहे तर तो नीट घेऊ, कारण आजच्या विषयाचं मूळ तिकडे आहे. 'चिनी वस्ती' आणि 'अफू' हे शब्द जगभरच्या सिनेमानं इतके चिकटवून ठेवलेत की धुराची खोली, लाल कंदील आणि रेशमी झग्यातली बाई दाखवली की प्रेक्षक समजून घेतो. आपण मुंबईकरांनी तरी हे मान्य करू नये. एकोणिसाव्या शतकात अफू चीनमधून इकडे येत नव्हती, इकडून चीनला जात होती. माळव्याची अफू, मुंबई बंदर. सर जमशेटजी जीजीभाय यांच्यासारख्यांची संपत्ती चीनच्या व्यापारात झाली आणि त्या व्यापारात अफू मोठी होती. त्या संपत्तीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, 1845 मध्ये. आज मुंबई विमानतळावर पोटात कोकेनच्या गोळ्या घेऊन आलेली एखादी परदेशी बाई पकडली जाते, तेव्हा त्या गोळ्या बाहेर काढायला तिला बऱ्याचदा तिथंच नेतात. हे आम्ही कुणाला टोमणा म्हणून सांगत नाही. जे. जे. नं लाखो गरिबांचे प्राण वाचवलेत. पण इतिहास कधी कधी असा एकाच वॉर्डात येऊन झोपतो.

मुंबईतले चिनी लोक म्हणजे माझगाव. गोदीवरचे खलाशी, सुतार, पुढं दंतवैद्य, चपला करणारे, केशकर्तन करणारे. 1919 सालचं त्यांचं देऊळ, सी यप कून, अजून आहे. 'सी यप' म्हणजे चार परगणे, दक्षिण चीनमधले. म्हणजे एका मुलखातून आलेल्यांनी एकमेकांना धरून राहण्याची जागा. आपल्याला हे परकं वाटायला नको; गिरगाव-लालबागात कोकणातल्या एकेका गावाच्या खोल्या होत्या, धोबीतलावला गोव्याच्या एकेका गावाचे कूड होते. नवा माणूस बोटीवरून उतरला की त्याला चटई, ताट आणि उधारी मिळायची, कारण तो 'आपल्या गावचा'. 1962 च्या युद्धानंतर हजारो चिनी वंशाच्या भारतीयांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं, अनेकांनी मग देश सोडला, माझगावची वस्ती मूठभर राहिली. इतकं झालं तरी आपल्या कल्पनेतला चिनी माणूस अफूच्या खोलीतच बसलेला आहे.

म्हणूनच जीत थयिल यांची 'नार्कोपोलिस' महत्त्वाची. 2012 ची कादंबरी, इंग्रजीत लिहिलेली, पण जागा आपली: शुक्लाजी स्ट्रीट, कामाठीपुरा. बुकरच्या अंतिम यादीत होती, पुढच्या वर्षी दक्षिण आशियाचा डीएससी पुरस्कार मिळाला. तिच्यात डिंपल आहे. लहानपणीच तिचं लिंग छाटून तिला हिजडा केलेलं, कुंटणखान्यात ठेवलेलं. कादंबरी तिला बाई म्हणूनच बघते, आम्हीही तसंच बघतो. आणि मिस्टर ली आहे, कम्युनिस्ट चीनमधून पळालेला सैनिक, मुंबईत अफूची खोली चालवणारा. डिंपल त्याच्याकडे दुखणं थांबवायला जाते. त्यांच्यात एक नातं होतं, बाप-लेकीसारखं म्हणा. तो मरताना तिला आपले जुने चिनी हुक्के देतो, आणि एक काम सांगतो: मरणानंतर मला चीनला पोचव.

हुक्के ती नेते. रशीदच्या अड्ड्यावर ते हुक्के हेच तिचं भांडवल ठरतं. नळी भरण्यात तिचा हात कसा बसलेला आहे, गोळी कशी शेकवायची, किती वेळ, हे थयिल यांनी असं लिहिलंय की वाचताना आपल्याला एखाद्या कारागिराशेजारी बसल्यासारखं वाटतं. इथं डिंपल राणी नाही आणि भोळीही नाही. तिला काम येतं. तिला माहीत आहे. आणि तरी ती स्वतःची मालक नाही. आमच्या मते हे या कादंबरीचं मोठं यश. लीला चीनला पोचवायचं मात्र राहून जातं. विश्वासानं दिलेला एक पुडा, न पोचलेला. तो तिला पुढं छळत राहतो.

पण तक्रारही आहे. ऐंशीच्या दशकात अफूची जागा गर्द घेतं, तेव्हा कादंबरी धुरातून बाहेर येऊन ते गर्द येतं कुठून, आणतं कोण, याकडे फारसं बघत नाही. ओढणाऱ्यांची कादंबरी आहे ती, आणणाऱ्यांची नाही. ज्या लेखकानं हुक्क्याचा इतिहास इतक्या मायेनं सांगितला, त्यानं गर्दच्या पुडीचाही सांगायला हवा होता. तिथं त्याला पुन्हा बायका भेटल्या असत्या, दुसऱ्या.

आता न्यूयॉर्क. पॅट्रिक रॅडन कीफ यांचं 'द स्नेकहेड' हे 2009 चं पुस्तक. अमली पदार्थांचं नाही, माणसांच्या तस्करीचं आहे, तरी आम्ही ते इथं आणतोय, कारण चिनी वस्तीतला विश्वास कसा चालतो हे त्यानं जितकं उलगडलंय तितकं आम्ही दुसरीकडे वाचलं नाही. फुजियान प्रांतातून आलेली चेंग चुई पिंग. तिचे लोक तिला 'पिंगताई' म्हणायचे, अगदी शब्दशः तेच. चायनाटाउनमध्ये ईस्ट ब्रॉडवेवर तिचं दुकान. दुकानात मालाबरोबर दुसराही व्यवहार: गावाकडे पैसे पाठवणं, सरकारी बँकेपेक्षा लवकर आणि स्वस्तात. आणि तिसरा: माणसं आणणं. कर्ज नातेवाईक उभं करणार, हमी गाव देणार. 6 जून 1993 ला 'गोल्डन व्हेंचर' जहाज न्यूयॉर्कच्या किनाऱ्याला रुतलं, जवळजवळ तीनशे माणसं होती, दहा मेली. ती 2000 मध्ये हाँगकाँगला पकडली गेली, 2006 मध्ये पस्तीस वर्षांची शिक्षा झाली, 2014 मध्ये तुरुंगातच वारली. अंत्ययात्रेला वस्ती लोटली.

कीफ यांनी इथं एक गोष्ट फार चांगली केली. अमेरिकन पोलिसांना जी टोळीची मुखिया दिसत होती आणि वस्तीला जी ताई दिसत होती, त्या दोघींपैकी एक खरी आणि एक खोटी असं त्यांनी ठरवलं नाही. दोन्ही खऱ्या. ज्या हातानं आईचं औषधपाणी गावाला पोचत होतं त्याच हातानं माणसं जहाजाच्या तळाशी कोंबली जात होती, आणि दुसरं शक्य झालं ते पहिल्यामुळं. ताईला नाही म्हणणार कोण? पण त्या पुस्तकातही खालची बाई, जहाजातून आलेली, कर्ज फेडायला शिलाईच्या कारखान्यात बसलेली, ती कडेकडेनंच दिसते. राणी इथंही पानं खाते. यातून सुटका नाही की काय, असं वाटायला लागतं.

आहे. एक सिनेमा आहे. 2004 चा, 'मारिया फुल ऑफ ग्रेस', दिग्दर्शक जोशुआ मार्स्टन. स्पॅनिश भाषा, कोलंबियाची मुलगी. मिळेल तिथून बघा, आणि घरातल्या मुलींना घेऊन बघा. मारिया सतरा वर्षांची, गुलाबाच्या मळ्यात कामाला. काम काय, तर देठाचे काटे काढायचे. परदेशी जाणारी फुलं ती. तिला दिवस गेलेले, मुकादमाशी भांडून नोकरी सोडते, घरात सगळ्यांचं पोट तिच्यावर. ओळखीतला एक मुलगा म्हणतो, काम आहे, प्रवासाचं. गोळ्या गिळायच्या, न्यूयॉर्कला उतरायचं, बाहेर काढून द्यायच्या. ती आधी द्राक्षं गिळून सराव करते. मोठाली द्राक्षं, अख्खी. आम्ही हा प्रसंग तीनदा पाहिला आणि तीनही वेळा आमचा घसा दुखला.

या सिनेमाचं मोठेपण असं की मारियाला सगळं माहीत आहे. 'तुला माहीत होतं का' हा कायद्याचा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासातच निकालात निघतो. होतं. मग पुढं सिनेमा दुसरे प्रश्न विचारतो: तिच्यापुढं दुसरं काय होतं? तिला कोण काय सांगत होतं, काय लपवत होतं? तिच्याबरोबर आलेल्या लुसीच्या पोटात गोळी फुटते आणि ती मरते, तेव्हा त्या देहाचं काय होतं? मारिया जाऊन राहते कुणाकडे, तर लुसीच्या बहिणीकडे, क्वीन्समध्ये, आणि बहीण मेलीय हे तिला सांगत नाही. तिच्या घरचं जेवते. कोलंबियन वस्तीचा तोच गोडवा, दार उघडणारा, आणि त्याच दारात ही मुलगी तोंडात मरणाची बातमी धरून उभी. समाजाचा घट्टपणा आसरा पण आहे आणि सापळा पण आहे, हे आमच्यासारख्याला व्याख्यानात सांगावं लागतं, मार्स्टन एका स्वयंपाकघरात दाखवतो.

त्यात डॉन फर्नांडो म्हणून एक गृहस्थ आहेत, वस्तीत लोकांची कामं करून देणारे. ते काम ऑर्लांडो तोबोन या माणसानं केलंय, आणि तो खराच त्या वस्तीत तेच करायचा. गोळी फुटून मेलेल्यांचे बेवारस देह वर्गणी काढून गावाला पाठवायचा. नटाला शिकवून हे येत नाही. तो टेबलामागं बसून ज्या थकलेल्या नजरेनं मारियाकडे बघतो, त्यात एक ओळखीची कळ आहे: ही पहिली नाही.

शेवटी मारिया विमानतळावरून परत फिरते, मैत्रीण गावी जाते, ती राहते. काहींना हा शेवट सोपा वाटतो, अमेरिकेच्या गळ्यात हार घातल्यासारखा. आम्हालाही थोडं तसं वाटतं. त्या देशात कागदांविना, पोटात मूल घेऊन राहणं म्हणजे काय, हे त्या दिग्दर्शकाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

आपल्याकडे याच्या जवळ गेला तो 'उडता पंजाब', 2016. आलिया भट्टची ती बिहारी मजूर मुलगी, एके काळी हॉकी खेळलेली, शेतात सीमेपलीकडून फेकलेलं पाकीट तिला सापडतं. ती ते विकायला निघते आणि अडकते. पिक्चरचा बराच भाग ती बिननावाचीच राहते, हे चौबेंनी नेमकं पकडलं. पण तिला समाजच नाही. ती एकटी आहे, म्हणून बळी आहे. आपल्या सिनेमाला बाईचं दुःख समजतं ते ती एकटी पडल्यावर. ती माणसांत असताना, भरल्या घरात असताना, आत्या-मावशी-नणंदांच्या गराड्यात असताना अडकू शकते, हे दाखवायला कॅमेरा कचरतो. घरावर बोट ठेवायचं धाडस लागतं ना.

मराठीत काय? मराठीत अनिल अवचटांचं 'गर्द' आहे. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगरनं पोरं पोखरायला सुरुवात केली तेव्हा ते वस्त्यांत हिंडले, लिहिलं, आणि लिहून थांबले नाहीत. 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं, पु. ल. देशपांडे पाठीशी राहिले. अवचटांच्या लेखनात बाई आहे: व्यसनी मुलाची आई, व्यसनी नवऱ्याची बायको. मंगळसूत्र विकलं गेलेली. त्यांनी तिला फार जवळून ऐकलं. पण ती पुडीच्या त्या टोकाला आहे, जिथं पुडी संपते. अलीकडच्या टोकाची बाई, पुडी कमरेला खोचून लोकलनं निघालेली, किंवा बँकॉकच्या फुकट सहलीहून परत येताना बॅगेत दुसऱ्याची पाकिटं घेऊन येणारी, आपली मराठी बोलणारी, कदाचित ठाण्याची, कदाचित पनवेलची, तिला आमच्या भाषेत अजून लेखक भेटलेला नाही. थायलंडनं 2022 मध्ये गांजा मोकळा केल्यापासून या बँकॉकच्या खेपांच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सारख्या येतायत. चार ओळींच्या बातम्या. वय, बॅगेतलं वजन, बाजारभाव. बाजारभाव नेहमी असतो. तिला काय मिळणार होतं ते कधीतरीच असतं. आणि तिला हे काम सांगितलं कुणी, ते तिचं कोण लागत होतं, हे तर जवळपास कधीच नसतं. आम्हाला त्या बातमीत तेवढी एकच ओळ हवी आहे. लिहिणाऱ्यांपैकी कुणी इथं बसलं असेल तर ही ओळ मिळवा. विमानतळावर नाही मिळणार, घरी मिळेल.

वेळ होत आली. एखादा प्रश्न घेतो.

(श्रोत्यांतून एक बाई: सर, तुम्ही सगळं सांगितलंत ते पटलं. पण माझी मुलगी पुढच्या महिन्यात शारजाला चाललीय. माझ्या नणंदेनं आत्ताच दोन डबे आणून ठेवलेत. आता मी काय, नणंदेसमोर डबे उघडू?)

उघडा ताई. तिच्यासमोरच उघडा, पाठीमागं नको. तिच्यापुढं ताट ठेवा, त्यात ओता, परत भरा. तिला सांगा की विमानतळाचा नियम आहे, आमच्या नावावर ढकला हवं तर. राग येईल तिला. आमच्या मावशीला आला होता. आम्ही उघडला तेव्हा आत बेसनाचे लाडू होते, बेदाणे लावलेले. मावशी पुढं दिवाळीपर्यंत आमच्याशी बोलली नाही.